पुढील स्टेशन, दादर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऑटिझम असलेल्या मुलांबरोबरच्या तुझ्या नोकरीला महिना झाला, तरी ती पाच वर्षांची मुलगी तुझ्याकडे बघतही नाही. सारखी बेसिनपाशी जाते, नळाखाली बोटं धरून उभी राहते आणि नळ बंद केला की जमिनीवर लोळण घेते. माझं कुठे चुकतंय, असं विचारलंयस. त्याआधी माझी एक चूक ऐक.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा यायचा. मणी ओवायला बसवलं की पाचेक मिनिटं बसायचा आणि मग लोकलमधल्या बाईंच्या हुबेहूब आवाजात म्हणायचा, ‘पुढील स्टेशन, दादर.’ मी म्हणायचे, ‘दादर नाही राजा, मणी. म्हण, मणी.’ तो आवाज चढवून पुन्हा दादर. शेवटी टेबलावर डोकं आपटायचा. तीन आठवडे मी फाइलमध्ये ‘निरर्थक बोलणे, अकारण चिडचिड’ असं लिहीत होते. एकदा दाराशी बसलेली त्याची आजी हळूच म्हणाली, ‘बाई, त्याला उठायचंय हो. आम्ही दादरलाच उतरतो ना.’

तीन आठवडे ते पोर स्वच्छ मराठीत मला सांगत होतं आणि मी त्याला मणी म्हणायला लावत होते.

त्या दिवसापासून त्याने ‘दादर’ म्हटलं की मी म्हणायचे, ‘झालं? उठायचंय? चल, उठू या.’ आणि उठायचोच. काही महिन्यांनी तो ‘दादर, उठायचंय’ म्हणायला लागला. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणण्यामागे मागणी असते, होकार असतो, कधी स्वतःला सावरणं असतं, हे अमेरिकेतले वाचातज्ज्ञ बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकातच मांडलं होतं. माझ्या वाचनात ते आलं नव्हतं. पण आजीलाही कुणी शिकवलं नव्हतं. ती रोज त्याच्याबरोबर लोकलने येत होती, एवढंच.

म्हणून दाराबाहेरच्या माणसाला आत बोलाव. गोव्यात ‘संगात’ या संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून ६५ मुलांबरोबर एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आई मुलाशी खेळते त्याचं चित्रीकरण करायचं आणि मग तिच्या शेजारी बसून ते बघायचं, अशी रीत. हे काम करणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आया मुलांच्या कलाने घ्यायला लागल्या, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. तुझ्या खिशातल्या फोनवरही हे होईल. फक्त परवानगी घे, आणि बघताना आईचं काय चुकलं ते दाखवू नकोस. मूल तिच्याकडे वळलं तो क्षण थांबवून दाखव.

या आयांना दोष ऐकायची सवय झालेली असते. परदेशात एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांनी आईच्या थंडपणावर ऑटिझमचं खापर फोडलं. १९६४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी, ते स्वतः अशा मुलाचे वडील, पुस्तक लिहून ते खोडून काढलं. आपल्याकडे अजून ‘नोकरी करते ना’, ‘मोबाईल हातात दिला ना’ चालूच आहे. तुझ्या तोंडून यातला एक शब्दही निघता कामा नये.

‘बोलेल का हो?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. तारीख देऊ नकोस, आशाही तोडू नकोस. सांग, की बोलण्याची वाट बघत बसायचं नाही, आजपासून संवाद सुरू करायचा. चित्रांची कार्डं आहेत, खुणा आहेत, चित्रांवर बोट ठेवून म्हणणं सांगता येईल असं, आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ ॲप मराठीतही आहे. चित्रं दिली की मूल बोलायचं थांबेल, ही भीती घरोघरी असते. तसं होत नाही, हे ठामपणे सांग. आणि कुणी स्टेम सेलच्या उपचारासाठी घर गहाण टाकायला निघालं, तर गप्प राहू नकोस. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीनेही २०२२ मध्ये ऑटिझमसाठी त्याची शिफारस नाकारली आहे.

कागदपत्रांचं डोक्यात ठेव. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५च्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं, २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आहे. यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा, अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व, हे सगळं लोक तुलाच विचारणार.

ऑटिझम असलेल्या मुलाला मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात, तो शब्द मला कधीच आवडला नाही. मूल आत कुठेतरी बुडालंय, असं तो शब्द सुचवतो आणि आपण त्याला बाहेर ओढायला लागतो. आम्हाला तर हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ करायला शिकवलं होतं. मी ते कित्येक मुलांना केलं. पुढे मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांनी लिहिलेलं वाचलं, की डोळ्यांत बघायला लावलं की समोरच्याचं बोलणंच ऐकू येत नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तू कुणाच्या हनुवटीला हात लावू नकोस.

आता तुझी मुलगी. येत्या सोमवारी टेबल मांडूच नकोस. ती बेसिनपाशी गेली की तूही जा. नळाखाली बादली ठेव, ते पाणी झाडांना होईल. काही बोलू नकोस, तिच्या शेजारी तुझीही बोटं धारेखाली धर. धार बारीक कर, थांब. ती तुझा हात नळाकडे ढकलते का बघ. ढकलला, तर लगेच ‘पाणी!’ म्हण आणि धार मोठी कर. तिची आई किंवा जे कुणी आणतं, त्यांना तिथेच उभं कर आणि विचार, घरी पाण्यापाशी ही काय करते.

काय झालं ते सविस्तर लिही. वेळ, धार, बोटं, सगळं.

तुझी,
ताई