कोळसा खाणीतील धूळ फुफ्फुसांत गेल्यावर नेमके काय होते?

आपण विचारले आहे की, आपल्या वडिलांनी चंद्रपूर जिल्ह्यातील भूमिगत कोळसा खाणीत 28 वर्षे काम केले, निवृत्तीनंतर ते सोलापुरात राहायला आले, विडीला कधी शिवले नाहीत, तरीही त्यांची धाप वर्षागणिक वाढतच का चालली आहे. मी सोलापुरात छातीच्या विकारांवर उपचार करतो. माझ्याकडे गिरणीत आयुष्य काढलेले रुग्णच अधिक आले, खाणीतले मोजके. पण त्या मोजक्या रुग्णांच्या बाबतीत हाच प्रश्न घरच्यांनी मला विचारलेला आहे. फुफ्फुसात खोलवर पोहोचलेली कोळशाची धूळ तेथेच राहते आणि काही जणांमध्ये तिच्यामुळे जडलेला आजार काम थांबल्यावरही वाढत जातो.

खाणीतील कामाची पाळी संपल्यावर काळा बेडका पडतो, म्हणजे धूळ निघून गेली, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. मोठे कण नाकात आणि श्वासनलिकेतील चिकट स्रावात अडकतात व तेथील सूक्ष्म केसतंतू त्यांना वर ढकलतात. बेडक्यात दिसतात ते हेच कण. साधारण 4 ते 5 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे रक्तात ऑक्सिजन जातो त्या फुफ्फुसातील बारीक पिशव्यांपर्यंत जातात आणि तेथे केसतंतू नसतात. तेथील भक्षक पेशी हे कण गिळतात, पण कोळसा त्यांना पचवता येत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते, आणि या प्रत्येक फेरीत दाह वाढवणारी रसायने बाहेर पडून त्या जागी कोलॅजनचे, म्हणजे व्रणात असतात तसे घट्ट तंतू साचत जातात. सूक्ष्म श्वासनलिकांभोवती काळे ठिपके तयार होतात, त्यांच्या शेजारचे वायुकोश फुगून निकामी होतात. कोळशाबरोबर दगडाची धूळ असेल, तर तिच्यातील सिलिका (वाळूत असते ते खनिज) हे नुकसान कितीतरी वाढवते. म्हणून वडिलांना जरूर विचारा की, ते कोळसा तोडण्याच्या जागी होते, की छताच्या दगडात भोके पाडून बोल्ट ठोकण्याच्या कामावर.

एक्स-रेवर 1 सेंटीमीटरपर्यंतच्या बारीक गाठी दिसतात, तोवर रुग्णाला फारसा त्रास नसूही शकतो. त्याहून मोठ्या गाठी झाल्या की आजार गंभीर रूप घेतो.

काही वर्षांपूर्वी असेच एक निवृत्त खाणकामगार माझ्याकडे आले होते. बोलताना दर चार शब्दांनी ते थांबत आणि टेबलाची कड धरून श्वास घेत. छातीच्या एक्स-रे फोटोत दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात मोठ्या सावल्या होत्या; त्या पाहून एके ठिकाणी त्यांना सहा महिने क्षयाची औषधे दिली गेली होती, मात्र थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. त्यांच्या पत्नीने कापडी पिशवीतून ते खाणीत नोकरीला असतानाचा जुना एक्स-रे बाहेर काढला. खिडकीच्या उजेडात तो नव्याशेजारी धरला, तेव्हा त्याच जागी मोहरीएवढे ठिपके दिसले आणि निदानाची दिशा कळली. चूक सहज होण्याजोगी होती, कारण सिलिकामुळे क्षयाचा धोकाही खरोखरच वाढतो. पण तोवर खाणीतल्या नोकरीबद्दल त्यांना कोणी विचारलेच नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. सोलापुरात छातीचा त्रास म्हटला की आम्हा डॉक्टरांना आधी सूतगिरणी आठवते. कापसाच्या धुळीचा आजार निराळा आहे: त्यात सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि एक्स-रे बहुधा स्वच्छ असतो.

झालेले व्रण पुसणारे औषध आज नाही. तरीही करण्यासारखे पुष्कळ आहे: श्वासनलिका रुंद करणारे पंप, श्वसनाचे व्यायाम, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, आणि रक्तातील ऑक्सिजन कमी असेल तर घरी ऑक्सिजन. वजन घटणे, संध्याकाळचा ताप किंवा थुंकीतून रक्त असे काही असेल, तर थुंकीची तपासणी लांबवू नका.

छातीच्या डॉक्टरांकडे जाताना खाणीच्या वैद्यकीय तपासण्यांचे कागद, जुने एक्स-रे आणि कोणत्या वर्षी कोणते काम केले याची यादी सोबत न्या, आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी, करून घ्या. निदान पक्के झाले, तर ते लेखी मागून घ्या. खाण कामगारांसाठी हा कायद्याने व्यावसायिक रोग मानला जातो, आणि नुकसानभरपाईचा अर्ज करायचा झाल्यास तोच कागद लागतो.