वाचकांचे प्रश्न : एटीव्हीचे रंगकाम आणि मडगार्डची छाटणी

प्रश्न : माझ्या एटीव्हीची (रानवाटांवर चालवायच्या, हँडल असलेल्या चारचाकीची) मडगार्ड उन्हाने फिकी पडल्यामुळे मी त्यांना घरीच काळ्या रंगाचा स्प्रे मारला. काम सुबक झाले होते. परंतु चिखलातून एकदा गाडी नेऊन धुतल्यावर रंगाचे पापुद्रे सुटू लागले. रंग चांगल्या प्रतीचा असूनही असे का व्हावे?

उत्तर : रंगापेक्षा प्लास्टिकचा विचार आधी करायला हवा. एटीव्हीची बहुतेक मडगार्ड पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनची असतात आणि या दोन्ही प्लास्टिकांचा पृष्ठभाग मेणासारखा असल्याने रंग त्यांना धरत नाही, नुसता वर बसून राहतो. मडगार्ड वाकले, फांदी घासली किंवा दाबाचे पाणी कडेवर आले की तो थर उचलला जातो. आपल्या मडगार्डच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार सांगणारी ठसवलेली अक्षरे बहुधा सापडतील. ती नसल्यास नजरेआडच्या भागाची एक बारीक कपची काढून साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडावी. वरील दोन्ही प्लास्टिके पाण्यापेक्षा हलकी असल्याने साधारणपणे वर येतात, तर एबीएस हे दुसरे एक प्लास्टिक तळाशी जाते. एबीएसवर रंग चांगला बसतो, मात्र तीव्र थिनरने त्याला बारीक तडे जाऊ शकतात.

सुटलेला रंग पूर्ण काढावा आणि मडगार्ड गाडीवरून उतरवूनच पुढचे काम करावे. घासण्याआधी धुणे हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण टायर आणि प्लास्टिक चमकवण्यासाठी लावलेल्या पॉलिशमधील सिलिकॉन पृष्ठभागावर राहिले असेल, तर पॉलिश पेपर ते ओरखड्यांत भरतो आणि मग रंगात जागोजागी डोळ्यांसारखे खळगे पडतात. भांडी धुण्याच्या साबणाने धुऊन, मेण व तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसून, त्यानंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत हलक्या हाताने घासावे. पॉलिइथिलीन घासताना त्यावर बारीक तंतू उभे राहतात आणि ते तसेच राहिले तर रंगाखाली खरखर दिसते. म्हणून दाब कमी ठेवावा आणि उरलेल्या तंतूंवरून हीट गनची (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राची) झुळूक झरझर फिरवावी. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर पृष्ठभागाला उघडा हात लावू नये.

आपल्या कामात बहुधा राहून गेलेली पायरी यानंतरची आहे. ओलेफिन प्लास्टिकसाठी (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन यांसाठी) असलेल्या ॲडहेजन प्रमोटरचे, म्हणजे रंगाची पकड वाढवणाऱ्या द्रवाचे, पातळ हात द्यावे लागतात आणि डब्यावर दिलेल्या मुदतीतच त्यावर रंग चढवावा लागतो, कारण ती मुदत उलटली की त्याची पकड कमी होते. रंगही एका जाड हातापेक्षा अनेक पातळ हातांत द्यावा आणि त्यात लवचीकता आणणारे मिश्रण घालता येत असेल तर अवश्य घालावे. हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळून वापरायच्या दोन घटकांच्या रंगात बहुधा आयसोसायनेट हे रसायन असते आणि ते श्वसनमार्गाला गंभीर इजा करू शकते. असा रंग केवळ साधा कापडी मास्क लावून फवारू नये. योग्य श्वसनसंरक्षण आणि हवा खेळवण्याची सोय नसेल, तर तो व्यावसायिकाकडूनच मारून घ्यावा.

इतके सारे करूनही माझे स्पष्ट मत असे की, झाडाझुडपांतून फिरणाऱ्या गाडीच्या मडगार्डला रंग देऊ नये. मूळ मडगार्डचा रंग प्लास्टिकच्या अंगातच असल्याने ओरखड्याखाली तोच रंग दिसतो. रंगवलेल्या मडगार्डवर मात्र प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. हौस कॅरिअर, बंपर आणि रिम या धातूच्या भागांवर पुरवावी, तेथे रंग टिकतो.

प्रश्न : मोठे टायर बसवल्यापासून हँडल पूर्ण वळवल्यावर पुढचा टायर मडगार्डला घासतो. किती कापावे आणि कशाने?

उत्तर : गाडी सपाट जागी उभी असताना दिसणारे अंतर फसवे असते. रॅचेटच्या पट्ट्यांनी गाडीचा पुढचा भाग खाली ओढून सस्पेंशन शक्य तितके दाबावे, हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवावे आणि टायर जिथे टेकतो तिथे खडूने खूण करावी. चिखल चिकटल्यावर टायर आणखी जाड होतो, हे धरून खुणेपलीकडे बोटभर जागा सोडावी. टायर फक्त कडेला पुसटसा घासत असेल, तर हीट गनने ती कड मऊ करून बाहेर वळवणे हा उपाय आधी करून पाहावा, कारण कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.

कापायचे ठरल्यास मास्किंग टेपवर रेघ आखून प्रथम तिच्या अलीकडेच कापावे आणि मग कानशीने रेघेपर्यंत यावे. बारीक दातांचे पाते आणि कमी वेग ठेवावा, कारण वेगवान पात्याने प्लास्टिक वितळून कापाच्या मागे पुन्हा चिकटते. आतल्या बाजूला वळणाऱ्या प्रत्येक कोपऱ्यावर आधी ड्रिलने गोल भोक पाडून काप तिथेच संपवावा, कारण टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि थरथरीने तडा तिथूनच सुरू होतो. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होत असल्याने काम उबदार जागी करावे. कड घासून गुळगुळीत केल्यावर रबरी पट्टी बसवली, तर हातपायही कापणार नाहीत.

केवळ देखणेपणासाठी मागचे मडगार्ड आखूड करू नये. मागच्या चाकावरून उडणारे दगड त्यामुळे थेट चालकाच्या पाठीवर येतात. बोल्टच्या जागा, सायलेन्सरजवळील उष्णतारोधक पत्रा आणि हवेच्या नळीला आडोसा देणारा भाग यांना हात लावू नये. पाय ठेवायच्या जागेमागची भिंत तर मुळीच कापू नये, कारण घसरलेला पाय मागच्या चाकाखाली जाण्यापासून तीच अडवते.

प्रश्न : उरलेला स्प्रे सायलेन्सर आणि रिमला चालेल का?

उत्तर : सायलेन्सरला चालणार नाही, तो जळून सुटेल, तेथे उष्णतारोधक सिलिकॉन रंगच लागतो. रिमला धातूचा प्रायमर देऊन तो मारता येईल, मात्र नट बसतात त्या जागा, रिम हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) टेकते तो भाग आणि ब्रेकची डिस्क झाकून घ्यावी. नटाखाली रंगाचा थर राहिला तर तो दबून नट ढिला पडतो. म्हणून रंगवलेली रिम बसवल्यावर थोडे अंतर गाडी चालवून नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत.