बोलावणं आलं म्हणून गेलात, नोकरी सोडून नाही

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सूतगिरणीत सात वर्षं नोकरी, त्यातली चार टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या सैन्यसेवेत असताना. युनिटकडून बोलावणं आलं, तुम्ही गिरणीत पत्र देऊन पोच घेतली आणि निघालात. नऊ महिन्यांनी, गेल्या महिन्यात परतलात, तर मॅनेजर म्हणतात, "सैन्यात तुम्ही स्वखुशीने गेलात. जागा भरली. राजीनामा द्या, हिशेब घेऊन जा."

राजीनामा देऊ नका. हिशेबाच्या कागदावर, रेव्हेन्यू तिकिटावर, कशावरही सही करू नका. ती सही झाली की ‘हा माणूस आपणहून गेला’ असं गिरणी म्हणेल, आणि ते खोडून काढता काढता माझ्यासारख्या वकिलाच्याही नाकी नऊ येतात.

भरती स्वखुशीची असते, हे खरं. पण एकदा नाव नोंदलं की बोलावल्यावर हजर होणं बंधनकारक आहे. न जाणं हा गुन्हा. म्हणूनच टेरिटोरियल आर्मी कायदा, १९४८ मध्ये कलम ७अ आहे. अशा सेवेसाठी लागेल तेवढी रजा देणं आणि सेवा संपल्यावर कामावर परत घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. तेही मध्ये खंड पडला नसता तर ज्या अटींवर तुम्ही असता, त्यापेक्षा वाईट अटींवर नाही. वार्षिक प्रशिक्षणालाही हेच लागू. भविष्य निर्वाह निधीतले हक्क कलम ७ब सांभाळतं.

आता घाईची गोष्ट. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत तुम्ही परत घेण्याचा अर्ज केला नाही, तर तोच मालकाचा बचाव ठरतो. तुमचा एक महिना मॅनेजरच्या केबिनबाहेर बाकावर बसण्यात गेला. तोंडी बोलणं पुराव्यात टिकत नाही. उद्याच साध्या मराठीत अर्ज लिहा: कोणत्या तारखेला गेलो, कोणत्या तारखेला मोकळा झालो, कामावर घ्या. सोबत बोलावण्याच्या आणि सुटकेच्या आदेशाची झेरॉक्स. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. मूळ कागद घरातून हलवू नका.

गिरणीने नाकारलं, तर नियमांत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे प्रकरण नेता येतं. तुमच्या युनिटच्या ऑफिसला आजच कळवा, तिथून पत्र आलं की मालकाची भाषा बदलते. तो अधिकारी कामावर घ्यायला लावू शकतो, किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई देववू शकतो. कारण पटलं तर मालकाला परत घेण्यातून सूटही देऊ शकतो, हे आधीच सांगून ठेवतो. आदेश मोडला तर दंड एक हजारापर्यंतच. पण दोषी ठरवताना न्यायालय सहा महिन्यांचा पगारही द्यायला लावतं, तो आधीच देवविला नसेल तर.

आणखी एक. ६ मे २०२५ च्या केंद्राच्या आदेशाने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीला बोलावण्याचे अधिकार मिळाले आहेत, ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत. तुम्हाला पुन्हा जावं लागू शकतं. या वेळी दिलेल्या पत्राची पोच तुम्ही जपून ठेवलीत, तशीच पुढच्या वेळीही घ्या. अर्ज पाठवला की त्याची प्रत मला धाडा.