पुढे आफ्टरमार्केट, मागे कंपनीच्या स्प्रिंगा: कुठे चालतं, कुठे नाही

तुम्ही पुढे गाडी ३० मिमी खाली बसवणाऱ्या आफ्टरमार्केट (बाहेरच्या उत्पादकाच्या) स्प्रिंगा टाकल्यात, मागे कंपनीच्याच ठेवल्यात, आणि आता खड्ड्यातून गेल्यावर गाडी पुढे-मागे हिंदकळते. त्यातच मागची उजवी स्प्रिंग तुटली. त्याच आफ्टरमार्केट सेटमधली मागची एकच स्प्रिंग तिथे चढवू का, असं विचारलंय. याचं उत्तर आधी देतो: नको. एकाच एक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर) दोन जातींच्या स्प्रिंगा चार दिवसांपुरत्याही नकोत.

एका कोपऱ्याची उंची बदलणं म्हणजे स्टुलाचा एक पाय कापण्यासारखं आहे. मागचा उजवा कोपरा बसला की त्या चाकावरचा आणि तिरक्या रेषेतल्या पुढच्या डाव्या चाकावरचा भार कमी होतो, उरलेल्या दोन चाकांवर वाढतो. सरळ रस्त्यावर कदाचित कळणारही नाही, पण जोरात ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढेल. मागच्या दोन्ही एकदम बदला. एकाच मॉडेलमध्ये इंजिनानुसार स्प्रिंगा वेगळ्या असतात, म्हणून पार्ट नंबर आणि तारेवरचे रंगाचे ठिपके दोन्ही जुळवा. काही गाड्यांत कंपनीच डावी-उजवी वेगळी देते, तिथे कॅटलॉगप्रमाणेच घ्या.

आता हिंदकळण्याबद्दल. सगळे उंचीकडे बघतात, पण खरी गोम कडकपणात आहे. बाकी सगळं सारखं ठेवून तार १२ ऐवजी १३ मिमीची घेतली तर स्प्रिंग ३८ टक्के कडक होते, कारण इथे जाडीचा चौथा घात लागतो. चालणारे, म्हणजे स्प्रिंगच्या सीटवर (बैठकीवर) न टेकलेले वेढे ६ चे ५ झाले तर २० टक्के. तुमच्या पुढच्या जुन्या स्प्रिंगा असतील तर व्हर्नियर (जाडी मोजायची सरकती पट्टी) घेऊन जुन्या-नव्या दोन्ही मोजा: तारेची जाडी, वेढ्याचा मध्यव्यास (बाहेरचा व्यास वजा जाडी) आणि सीटवर न टेकलेले वेढे. जाडीच्या चौथ्या घाताला व्यासाचा घन गुणिले वेढे यांनी भागा; दोन उत्तरांचं गुणोत्तर तेच कडकपणाचं गुणोत्तर. रंगाच्या थरामुळे ०.२ मिमी जास्त भरलं तरी ७ टक्क्यांची चूक होते, तेवढं वजा धरा. पण मोजण्यासाठी रंग खरवडू नका, गंज तिथूनच धरतो. वेढ्यांमधलं अंतर कमी-जास्त असलेल्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगला हे गणित लागू नाही, तिथे उत्पादकाचे आकडे मागा.

खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. ताशी ७२ किमी वेगात २.५ मीटर व्हीलबेसला (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराला) ०.१२५ सेकंद उशीर होतो. म्हणून बहुतेक गाड्यांत मागचा भाग पुढच्यापेक्षा जरा जलद झुलेल असा बेत केलेला असतो: समजा पुढे सेकंदाला १.२ वेळा, मागे १.३५. मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि दोन्ही एकत्र शांत होतात. पुढे ३८ टक्के कडक स्प्रिंग टाकलीत की पुढचा आकडा १.४ वर जातो. आता मागचा भाग पुढच्याला गाठूच शकत नाही, आणि गाडी नाक-शेपूट करत राहते. मागचे शॉक ॲब्सॉर्बर थकलेले असतील तर हे जास्तच जाणवेल, तेही तपासा.

यात धोका कमी, त्रास जास्त. वळणावर गाडी पुढून थोडी बाहेर सरकेल, एवढंच. याच्या उलट, म्हणजे मागे कडक आणि पुढे मऊ, मी कुणालाच सुचवणार नाही. ओल्या रस्त्यावर मागचा भाग निसटतो.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. मागे नेहमी सामान असेल तर पुढच्याही कंपनीच्या परत लावा. नसेल तर सेटमधल्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा टाका, पण तीन गोष्टी बघून. भरलेल्या गाडीत बम्प स्टॉप (चाक फार वर येऊ नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) सतत टेकत नाही ना? चाक हवेत पूर्ण लोंबकळताना आखूड स्प्रिंग सीटमध्ये सैल होत नाही ना? सैल होत असेल तर आखूड शॉक ॲब्सॉर्बर हवेत. आणि मागच्या एक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर तो जुळवून घ्या. बॉडी खाली आली की गाडी भरलीय असं धरून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, आणि मागची चाकं आधी लॉक होतात.

बसवताना स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेत, पायरीला लागून बसू द्या. स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडणीचा) वरचा नट, कॉम्प्रेसरने दाबून स्प्रिंग सीटवरून सैल झाल्याशिवाय सोडू नका, आणि कॉम्प्रेसरवर इम्पॅक्ट गन नको. सस्पेन्शनच्या आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा; हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

मग गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे करून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा. डाव्या-उजव्यात १० मिमीहून जास्त फरक आला तर एखादी स्प्रिंग नीट बसलेली नाही. चाकांची अलाइनमेंट त्यानंतर. हेडलाइट मात्र आजच तपासा: पुढून ३० मिमी खाली म्हणजे १० मीटरवर उजेड सुमारे १५ सेंमी खाली पडतो.