पीएचडीचा वार आधी ठरवा

प्रश्न : खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सिव्हिलची सहायक प्राध्यापक आहे. अर्धवेळ पीएचडीसाठी बगॅसची (उसाच्या चिपाडांची) राख घातलेलं काँक्रीट हा विषय मनात आहे. मुलगी ४ वर्षांची आहे, यजमान फिरतीच्या नोकरीत. जमेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : जमेल, पण प्रयोगांचं वेळापत्रक नोंदणीआधीच मांडून पाहा. तुमच्या विषयाला चाचणीच्या तारखा बांधलेल्या असतात. नेमक्या त्याच दिवशी घरी कोणी नसलं की अख्खी मालिका बिघडते.

सिमेंटच्या जागी राख ०, ५, १०, १५ आणि २० टक्के अशी ५ मिश्रणं घ्या. चाचण्या ७, २८, ५६ आणि ९१ दिवसांनी, दर वेळी ३ क्यूब (काँक्रीटचे घनाकार ठोकळे). म्हणजे एकूण ६० क्यूब. १५० मिमीचा एक क्यूब साधारण ८ किलोचा असतो, तेव्हा लॅब असिस्टंटचा वेळ आधीच मागून ठेवा. नेहमीच्या ९० ऐवजी ९१ मुद्दाम सांगतोय: हे चारही आकडे ७ च्या पटीत असल्याने कास्टिंग (काँक्रीट साच्यात ओतणं) बुधवारी केलं, तर प्रत्येक चाचणी बुधवारीच येते. साचे गुरुवारी उघडायचे. शुक्रवार-शनिवारी कास्टिंग नको, कारण शनिवारच्या कास्टिंगचे साचे उघडायला रविवारी लॅब बंद असते आणि शुक्रवारचे उघडण्यात घरचा शनिवार जातो.

आठवड्याला एक मिश्रण घेतलं, तर १८ व्या आठवड्यात शेवटची चाचणी होते. पाचवा बुधवार सगळ्यांत जड, कारण कास्टिंगबरोबर ७ आणि २८ दिवसांच्या चाचण्याही त्याच दिवशी येतात. त्या दिवशी मुलीला शाळेतून आणायला कोण जाणार, हे आजीशी किंवा पाळणाघराशी महिनाभर आधी बोलून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत एकही चाचणी येत नाही ना, तेही कॅलेंडरवर तपासा.

राख गाळप हंगामातच, एकाच कारखान्यातून, एकाच वेळी उचला. आधी करून पाहायची मिश्रणं आणि वाया जाणारी राख धरून कच्ची १०० किलो तरी आणा. पुढच्या हंगामातली राख वेगळी निघते आणि मग आकड्यांची तुलना करता येत नाही. बॉयलरच्या राखेत न जळलेला कोळसा आणि तंतू असतात. ते पाणी आणि सुपरप्लास्टिसायझर (काँक्रीट प्रवाही ठेवणारं रसायन) शोषतात, मिश्रण घट्ट होतं. म्हणून ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून, मग सिमेंटइतकी बारीक दळून घ्या. तीन क्यूबपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून दूर गेला, तर तो संच बाद होतो. त्यासाठी राखीव ३ क्यूब ओतून ठेवलेले बरे.

नियम तुमच्या बाजूचे आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षं, आणि महिलांना त्यावर २, म्हणजे एकूण १० पर्यंत. शिवाय मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. अर्धवेळ प्रवेशाला महाविद्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. लॅब वापरण्याची परवानगीही त्यातच लिहून घ्या. गाइडची निवृत्ती ३ वर्षांच्या आत असेल तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हे मात्र तुम्हीच विचारून खात्री करा.

प्रश्न : पीएचडी झाली की लगेच प्रोफेसर होता येतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१९ च्या नियमांत आधी सहयोगी प्राध्यापकाची पायरी आहे. थेट भरतीत त्यासाठी पीएचडी, ८ वर्षांचा अनुभव (त्यातली २ पीएचडीनंतरची) आणि मान्य नियतकालिकांत ६ शोधनिबंध हवेत. प्रोफेसरपदाला १० वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली ३ सहयोगी स्तरावरची. बहुतेकांचं घोडं अडतं ते शोधनिबंधांपाशी, म्हणून पहिला निबंध २८ दिवसांचे निकाल हाती येताच लिहायला घ्या, प्रबंध पूर्ण होण्याची वाट पाहू नका.