आई-बाबांसोबत सेव्हियात तीन दिवस: काय पाहावं, संध्याकाळी कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन स्पेनमधल्या सेव्हियाला येताय, हातात तीन दिवस आहेत, बाबांचे गुडघे दुखतात, दोघांनाही शास्त्रीय गाण्याची आवड आहे, आणि फ्लामेंको, म्हणजे इथला गाणं, गिटार आणि नाच यांचा कलाप्रकार, नेमका कुठे बघावा हे कळत नाहीये. मी नोकरीनिमित्त याच शहरात राहते, घरचे-ओळखीचे येत-जात असतात. माझं स्पष्ट मत सांगते: दिवसा एक-दोनच ठिकाणं करा आणि संध्याकाळ फ्लामेंकोसाठी राखून ठेवा.

गाणं ऐकणारी माणसं सोबत आहेत म्हणून आधी फ्लामेंकोच. जेवणासकट विकले जाणारे मोठे शो टाळा. ताटल्यांच्या आवाजात आणि स्पीकरच्या दणक्यात निम्मी मजा जाते. कूना रस्त्यावरच्या कासा दे ला मेमोरियासारखी छोटी जागा निवडा. तिथे माइक नसतो. एक गायक, एक गिटारवाला, नाचणारे एक-दोघं, बस. जरा लवकर जाऊन पुढची खुर्ची धरा, कारण पाय दिसले पाहिजेत.

आई-बाबांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवा. फ्लामेंकोच्या सोलेआ या प्रकारात बारा मात्रांचं आवर्तन असतं आणि जोर येतो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे आधी तीन-तीनची चाल, मग दोन-दोनची. एकताल कानात बसलेल्या माणसाला सुरुवातीला चुकल्यासारखं होतं, पण दोन-तीन आवर्तनांत बोटं आपोआप मांडीवर पडू लागतात. टाळ्यांकडेही लक्ष द्या. गायक हळू गात असेल तर तळहात पोकळ धरून दबकी टाळी देतात, नाच रंगला की बोटं तळव्यावर आपटून खणखणीत. मधेच कोणीतरी ‘ओले’ म्हणतं, तेही नेमक्या जागेवर. आपल्या मैफलीत दाद जिथे जाते, अगदी तिथेच.

फ्लामेंको आपल्या कथकातून निघाला असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. गोष्ट इतकी सरळ नाही. फ्लामेंको घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे त्या हितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमानी (जिप्सी), लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून निघाले, आणि रोमानी भाषेचं आपल्या भाषांशी नातं आहे, हे खरं. पण ही कला आंदालुसियातच, म्हणजे दक्षिण स्पेनच्या या प्रांतातच, इथल्या लोकगीतांत मिसळून, घडली. बसल्या जागी समजून घ्यायचं असेल तर नर्तकी क्रिस्तिना ओयोस यांनी उभारलेलं फ्लामेंको नृत्याचं संग्रहालय आहे, तिथेही संध्याकाळी कार्यक्रम असतो. सम आकड्याच्या वर्षी येत असाल तर बिएनाल हा मोठा फ्लामेंको महोत्सव गाठता येतो का बघा. 1980 पासून चालू आहे आणि सप्टेंबरच्या आगेमागे असतो.

आता दिवसाचं. आल्कासार राजवाड्याचं तिकीट वेळेनुसार मिळतं, ते घरूनच काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. इथला सगळ्यात देखणा भाग चौदाव्या शतकात पेद्रो या ख्रिस्ती राजाने मुस्लिम कारागिरांच्या हातून बांधून घेतला. दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांची नक्षी आहे ना, ती नुसती नक्षी नाही. ती कोनदार अरबी अक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ ‘अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही’. ख्रिस्ती राजाच्या दारावर! त्या भिंतीसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. राजघराणं सेव्हियात आलं की आजही वरच्या मजल्यावर उतरतं. बागा मोठ्या आहेत, बाकं भरपूर आहेत, बाबांना तिथे बसू द्या.

कॅथीड्रल तुम्ही बघणारच. त्याच्या खिराल्दा मनोऱ्याला मात्र गुडघ्यांमुळे लगेच नाही म्हणू नका. तो मूळचा मशिदीचा मिनार. अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून आत जिन्याऐवजी 35 उतार केले, असं सांगतात. पायऱ्या शेवटी थोड्याच आहेत. दमलात तर वळणावळणावर खिडक्या आहेत, थांबत थांबत जा. याच तिकिटात साल्वादोर चर्चही बघता येतं.

शेजारचं इंडीज अभिलेखागार, म्हणजे स्पेनच्या जुन्या वसाहतींच्या कागदपत्रांचं दफ्तर, मोफत आहे, अर्धा तास पुरे. त्यापेक्षा जास्त वेळ कारिदाद रुग्णालयाच्या छोट्या चर्चला द्या, तिथे फारशी गर्दी नसते. दारातच चित्रकार वाल्देस लेआलची मृत्यूवरची दोन चित्रं आहेत. एकात सांगाडा एका हाताने मेणबत्ती विझवतोय, पायाखाली पृथ्वीचा गोल आणि खाली राजमुकुट, पुस्तकं, तलवारी पडलेल्या. भिंतींवर मुरिल्यो या चित्रकाराची चित्रं आहेत, त्यातली चार नेपोलियनचा सेनापती सूल्त याने पळवली, त्यांच्या जागी आता नकला लावल्यात. मुरिल्यो आवडला तर ललितकला संग्रहालयात जा. जुन्या मठात आहे, तिकीट नाममात्र, सोमवारी बंद.

प्लासा दे एस्पान्या उन्हं कलल्यावर करा. 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेली ही अर्धवर्तुळाकार इमारत आहे, समोर स्पेनच्या प्रांतांची रंगीत फरश्यांची बाकं. कमानींखाली बऱ्याचदा कोणीतरी नाचत असतं, तेही बघा, पण त्यावर समाधान मानू नका.

बैलझुंजीचं मैदान मी पाहुण्यांना दाखवत नाही, तुम्हीही वगळलंत तर काही बिघडत नाही. त्या वेळात नदीवरचा पूल ओलांडून त्रियाना या वस्तीत जा. शहरातल्या फरश्या पिढ्यान्‌पिढ्या तिथेच भाजल्या गेल्या, जुन्या भट्ट्या सिरॅमिक केंद्रात बघता येतात.

आई-बाबा शाकाहारी असतील तर ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मागा. पालक-काबुली चण्याची जिरं घातलेली भाजी, सेव्हियाची अस्सल. साल्मोरेखो हे टोमॅटोचं घट्ट गार सूप मागवताना ‘सिन खामोन’ म्हणायला विसरू नका, नाहीतर वर हॅमचे तुकडे येतात. बरीच हॉटेलं रात्री साडेआठच्या आधी जेवण देत नाहीत, तेव्हा सातचा शो बघा आणि मग निवांत जेवायला जा.