कंपनीचा ‘पर्पज’ : उद्दिष्ट, उद्देश की प्रयोजन?

प्रश्न : सांगलीतल्या पंपांच्या कारखान्याचा वार्षिक अहवाल मराठीत करताना ‘कॉर्पोरेट पर्पज’ला ‘उद्दिष्ट’ लिहिलं होतं. संचालकांनी खोडून ‘उद्देश’ केलं. बरोबर काय?

उत्तर : ‘प्रयोजन’ लिहा. बाकीचे दोन्ही शब्द चांगलेच आहेत, पण आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेले.

‘उद्दिष्ट’ म्हटलं की आकडा आणि तारीख आलीच. वसुलीचं, गाळपाचं, मार्चअखेरचं. ते गाठलं जातं किंवा हुकतं. कंपनी मुळात आहे कशासाठी, हे काही गाठून संपत नाही.

‘उद्देश’ची अडचण कायद्याची. कंपनी कोणता धंदा करणार, ते २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्या मूळ दस्तऐवजात, नोंदवतात. त्यालाच ‘उद्देश’ म्हणतात. बदलायचे तर कलम १३ खाली विशेष ठराव लागतो, विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूनं. सहकारी संस्थेच्या पोटनियमांतही हाच शब्द. एकाच अहवालात तो दोन अर्थांनी आला, तर कंपनी सेक्रेटरी हरकत घेणारच, आणि ती रास्त असेल.

‘हेतू’ला संशयाचा वास येतो (‘यामागे हेतू काय?’). ‘ब्रीद’ मला सर्वांत आवडतं. साताऱ्याच्या रयत शिक्षण संस्थेचं ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ सगळ्यांना पाठ आहे. पण ब्रीद म्हणजे बाणा. तो आधी पाळलेला असावा लागतो, अहवालापुरता घेता येत नाही.

‘प्रयोजन’ म्हणजे एखादी गोष्ट ज्यासाठी असते ते. काव्याचं प्रयोजन आपण शाळा-कॉलेजात शिकतो, आणि ‘इथं या खांबाचं प्रयोजनच काय?’ असं सहज बोलतोही.

शब्द ठरला तरी खालचं वाक्य पोकळ असेल तर उपयोग नाही. ‘ग्राहकांचे समाधान’ कुणीही लिहील. ‘कमी दाबाच्या विजेवरही शेतकऱ्याचा पंप चालता ठेवणे’ असं लिहिलं, की ते निर्णयाच्या वेळी आडवं येतं. डीलर म्हणतो, मोटरच्या वाइंडिंगला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम घाला, किंमत उतरेल. पण दाब पडला की मोटर जादा करंट ओढते आणि तापते. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याहून जास्त. तार तितकीच जाड ठेवली तर मोटर आणखी तापणार, जळायची भीतीही वाढणार. इथं ‘नाही’ म्हणायला प्रमुखाला ते वाक्य कामी येतं. ज्या वाक्यामुळे एकही ऑर्डर नाकारावी लागत नाही, ते प्रयोजन नव्हे, जाहिरात.

या मथळ्याखाली वह्यावाटप आणि रक्तदान शिबिरही घालू नका. तो सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्व. त्याच कंपनी कायद्याच्या कलम १३५ च्या मर्यादेत बसणाऱ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायला लावणारा. प्रयोजन दिसतं ते नफा कसा मिळवला त्यात.

फाटकावरच्या फलकावर मात्र ‘आमचे प्रयोजन’ नको, फार पुस्तकी होतं. तिथं सरळ ‘आपण कशासाठी?’ लिहा.